रंगभवनचे फोटो कुठे आहेत?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते. मुंबईतल्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात रॉक बँडचे शो व्हायचे, त्यांचे फोटो मी काढायचे. "ताई, रंगभवनच्या शोजचे एवढे रोल तुमच्याकडे पडलेत, स्कॅन करून टाकत का नाही?" जुन्या गर्दीतली मंडळी विचारतात, आता त्यांची मुलंही विचारतात. आजवर मी विषय बदलत आले.

निगेटिव्हना बुरशी लागली असणार, असं काहींनी परस्पर ठरवूनही टाकलंय. लागलेली नाही. मुंबईच्या पावसाळ्यात फिल्मवरच्या जिलेटिनचं काय होतं ते मला ठाऊक होतं. सगळ्या पट्ट्या सिलिका जेलसकट हवाबंद डब्यांत आहेत. रॉक मशीन हा बँड आहे, 1993 मध्ये नाव बदलून त्यांचं इंडस क्रीड झालं तेही आहे. सुरुवातीच्या दिवसांतला पेंटाग्राम हा बँडही आहे. ज्यांची साधी कॅसेटसुद्धा कधी निघाली नाही असे बँड तर कितीतरी.

आळस म्हणाल, तर तोही आरोप मला मान्य नाही. आय-रॉक, म्हणजे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव, 1986 साली सुरू झालं, आणि ते व्हायचं स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे, म्हणजे भर पावसात, उघड्या रंगभवनात. ट्राय-एक्स ही 400 ISO ची फिल्म मी 1600 ला ओढायचे, म्हणजे कमी उजेडात चालावी म्हणून जास्त संवेदनशील धरून वापरायचे आणि तशीच जास्त डेव्हलप करायचे, तरी शटर एक-साठांश सेकंदाहून वेगवान क्वचितच ठेवता यायचं. लाल दिव्यात गायकाचा चेहरा पांढराफटक यायचा, ओठ दिसायचेच नाहीत. घरी डेव्हलपर 20 अंशांवर आणायला शेजाऱ्यांच्या फ्रीजमधला बर्फ मागून आणायचा. एवढं करून काढलेले फोटो कुणी कंटाळ्यापोटी डब्यात ठेवत नाही.

खरं कारण असं, की माझे निम्मे रोल स्टेजकडे पाठ करून काढलेले आहेत.

स्टेजवरच्यांचे फोटो काढणारे इतरही होते. मला समोरची गर्दी बघायची असायची. दिवे मध्येच प्रेक्षकांवर फिरायचे आणि त्या एका क्षणात कुलाब्यापासून डोंबिवलीपर्यंतची पोरं पांढऱ्या उजेडात दिसायची: काळे टीशर्ट, भिजलेले केस, मिटलेले डोळे. त्यांत मुली थोड्या. पण होत्या, आणि अगदी पुढेही होत्या.

त्यांतली एक कठड्याला पोट टेकून उभी होती. सलवार-कमीज, दंडाला ओढणी गुंडाळलेली, तोंड पूर्ण उघडं. ती गात होती की ओरडत होती ते फोटोवरून कळत नाही. माझ्या सगळ्या कामात त्याच्याइतकी चांगली फ्रेम दुसरी नाही. एका कॉलेजच्या प्रदर्शनात मी तो फोटो मोठा करून लावला. पुढच्याच आठवड्यात ती मला शोधत गिरगावात आमच्या चाळीत आली. आत ये म्हटलं तर जिन्यातच उभी राहिली. तिच्या भावाच्या मित्राने फोटो पाहिला होता. घरी ती क्लासला म्हणून सांगून गेली होती. घरच्यांनी तिचं कॉलेज बंद केलं होतं, मामाकडे नाशिकला पाठवणार होते. ती रडली नाही. "ताई, तो फोटो उतरवा. आणि फिल्मपण द्या," एवढंच म्हणाली.

मी वाद घातला. सार्वजनिक कार्यक्रम होता, तू काही वाईट करत नव्हतीस, फोटो उतरवला तर त्यांचंच खरं ठरेल, असं बरंच बोलले. ती ऐकून घेत राहिली. शेवटी मी आत जाऊन सहा फ्रेमची ती अख्खी पट्टी आणि प्रिंट तिच्या हातात दिली. आईने केलेला चहा तसाच राहिला.

तो फोटो लावल्याचा पश्चात्ताप मला तेव्हा नव्हता, आजही नाही. पट्टी दिल्याचाही नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात ते मला सांगता येत नाही. जिन्यातल्या त्या वादातली मी अजून माझ्याशी भांडते. ती जुनी मी म्हणते, तू घाबरलीस. मी म्हणते, किंमत तुला मोजायची नव्हती.

आणि त्या जुन्या मीचं एक म्हणणं मला आजही खोडता येत नाही. हल्ली त्या काळावर लिहिलं जातं तेव्हा सगळे मुलगेच असतात. "तेव्हा मुली यायच्याच कुठे?" असं तुमच्यातल्याच एकाने मला तोंडावर विचारलं. माझ्या कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे रोलच्या सगळ्या फ्रेम छोट्या आकारात एकत्र छापलेल्या कागदावर, त्या आहेत. कठड्याजवळची तीही आहे, नखाएवढी. शीट मी दिली नव्हती, तिने मागितलीही नव्हती. मी ती दाखवत नाही म्हणून त्या मुली नव्हत्याच असं ठरत चाललंय, हे मला दिसतं. त्याचा त्रास होतो.

रंगभवनही बोलायला उरलं नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि कोर्टांभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्रात धरले गेले. इथे तर एका बाजूला सेंट झेवियर्स कॉलेज आणि जवळच कामा हॉस्पिटल. शो बंद पडले. त्या गर्दीचा पुरावा म्हणून जे काही उरलंय, त्यातलं थोडं माझ्या डब्यांत आहे. ती बाई आज पन्नाशीत असेल. कदाचित तिला स्वतःलाच तो फोटो हवा असेल, मुलीला दाखवायला. कदाचित अजूनही नको असेल. तिचं आडनावही मी विचारलं नव्हतं, मग परवानगी कुणाकडे मागू?

स्टेजवरचे फोटो हवे असतील त्यांनी बँडचं नाव आणि साल कळवा, मी स्कॅन करून देईन. गर्दीचे सध्या देणार नाही. तुम्ही स्वतः त्या गर्दीत होतात, तर घरी या. शीट आणि भिंग काढून ठेवते. स्वतःला ओळखलंत, तर त्या फोटोचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.