तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिडिओवरून गुडघा कळतो का?

"मॅडम, त्या व्हिडिओ टेस्टमध्ये गुडघ्याचं आधीच समजून जाते ना? मग आमच्या पोरीची करून द्या ना एकदा." हा प्रश्न मला मैदानावर, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर बर्डीवर भाजी घेताना विचारून झालाय. दरवेळी मी हसून विषय बदलते आणि घरी येऊन चिडचिड करते. म्हणून आता एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी सरळ हेच पाठवीन.

तर, गुडघा पुढे दुखणार का हे व्हिडिओवरून नाही कळत. म्हणजे थोडं कळतं, पण तुम्हाला जे हवंय ते नाही कळत.

मी काय करते ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. दोन फोन, एक समोर एक बाजूला, सेकंदाला 240 फ्रेमवर, कंबर-गुडघा-घोट्यावर स्टिकर, 30 सेंटिमीटरच्या ठोकळ्यावरून उडी, आणि मग किनोव्हिया या व्हिडिओ मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून कोन मोजायचे. त्यात गुडघा किती वाकला, किती पटकन वाकला, आत वळला का, हे दिसतं. गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन, म्हणजे स्नायूचा जोर हाडापर्यंत नेणारा दोरीसारखा पट्टा, दिसत नाही. मोठ्या लॅबमध्ये जमिनीत फोर्स प्लेट, म्हणजे पायाचा जोर मोजणारी पाटी, असते, तिच्यावरून टेंडनवर साधारण किती लोड आला याचा हिशेब निघतो, पण त्या लोडने आत काय झालं हे तिथेही हिशेबातून निघत नाही. सोनोग्राफीत टेंडन दिसतो, तर तिथे वेगळीच गंमत, काहीही दुखत नसलेल्या उड्या मारणाऱ्या पोरापोरींच्या टेंडनमध्येसुद्धा बदल दिसतात.

आता तुम्ही म्हणाल मग ते पॅम्प्लेट कोणी छापलं होतं? मीच. 2022 मध्ये, "दुखापत होण्याआधी ओळखा", पाचशे प्रती, केशरी रंगात. दीडेकशे अजून कपाटाखाली पडल्यात. तेव्हा मी खोटं बोलत होते असं नाही, मला खरंच तसं वाटायचं. व्हॉलीबॉलवाल्यांचं या टेंडनचं दुखणं किती कॉमन आहे ते मला माहीत होतं, नॉर्वेत वरच्या पातळीवरच्या खेळाडूंची पाहणी झाली होती, 2005 मध्ये छापून आली, त्यात व्हॉलीबॉलच्या जवळपास 45 टक्के खेळाडूंना त्या वेळी हाच त्रास होता, बास्केटबॉलच्या 32 टक्क्यांना. एवढं मोठं दुखणं आणि हातात कॅमेरा, मग डोकं तिकडेच जाणार ना.

मग एका मुलीने माझा तो समज मोडला. नाव नाही सांगणार. सोळा वर्षांची, उंच, नेटवर ब्लॉकला. मे महिन्याचा कॅम्प, सकाळी सहालाच अंगाला घाम, सिमेंटचं ग्राउंड, माझा एक फोन स्टँडवर आणि दुसरा दोन विटांच्या आधाराने उभा. चौदा मुली होत्या. बाकीच्या ठोकळ्यावरून धप्पकन उतरत होत्या, गुडघे ताठ, आवाज पार गेटपर्यंत. ही उतरली आणि आवाजच नाही. कंबर मागे, छाती पुढे, एकदम मऊ. तीनदा उतरली, तीनदाही तशीच. मी फ्रेम थांबवली, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि म्हटलं, बघा, उतरायचं तर असं. त्यांचे कोच सर पण खूश. तिच्या कागदावर मी हिरवी खूण केली. "दुखतं वगैरे काही?" हे मी विचारलं होतं, हे मुद्दाम सांगते. सर शेजारी उभे असताना विचारलं, हे पण सांगते.

सप्टेंबरमध्ये तिच्या आईचा फोन आला. पोरगी जिना आडवी होऊन उतरते, भिंत धरून, आणि उकिडवं बसता येत नाही म्हणते. क्लिनिकवर आली, मी वाटीच्या खालच्या टोकावर अंगठा टेकवला आणि तिने पाय ओढूनच घेतला. उतरत्या फळीवर एका पायाने बसायला लावलं तर अर्ध्यातच थांबली.

"कधीपासून दुखून राहिलं?"

"जानेवारीपासून."

म्हणजे मे महिन्यात, माझ्या कॅमेऱ्यासमोर, दुखणं चार महिन्यांचं होतं. मग सांगितलं काहून नाही, असं मी विचारलं, जरा चढ्या आवाजातच. ती म्हणाली, "सर होते ना तिथे." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही माझा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला मॅडम. मला वाटलं, मग चांगलंच असेल."

छाती पुढे घेऊन उतरलं की टेंडनवरचा ताण कमी होतो, हे मी स्वतः शिकवते. तिला ते कोणीच शिकवलं नव्हतं, दुखायचं म्हणून तिचं तिनेच शोधून काढलं होतं. आणि मी त्याचंच कौतुक केलं, वर चौदा जणींना दाखवलं.

त्या रात्री मी जुना व्हिडिओ पुन्हा काढला. समोरच्या फोनमध्ये दिसतं, डावा पाय आधी टेकतोय आणि दुखरा उजवा आठ फ्रेम उशिरा. सेकंदाचा तिसावा भाग. होतं ना मग त्यात! असं वाटून मी जवळजवळ रडले. मग बाकीच्या तेरा जणींचे व्हिडिओ लावले, तर आणखी चौघींचा एक पाय असाच मागे. त्या चौघींना तेव्हाही काही नव्हतं, नंतरही काही झालं नाही. आता सांगा, मी त्या दिवशी काय ओळखायला हवं होतं?

रोआल्ड बार म्हणून नॉर्वेचे संशोधक आहेत, त्या 2005 च्या पाहणीतही ते होते, त्यांनी 2016 मध्ये स्पष्ट लिहिलं की अशा चाचण्यांनी दुखापतीचं भाकीत होत नाही आणि बहुतेक कधी होणारही नाही, कारण पुढे दुखापत होणारे आणि न होणारे यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात, मध्ये रेघ ओढता येत नाही. म्हणजे पॅम्प्लेट छापायच्या सहा वर्षं आधी. वाचलं असतं तर छापलं नसतं का? छापलं असतं बहुतेक, क्लिनिकचं भाडं होतं.

मग अजून व्हिडिओ का काढते? कारण दुखणं कळल्यावर तो कामाचा असतो. कोणती मुलगी लोड कुठे ढकलते, पंचेचाळीस सेकंद न हलता धरून ठेवायचे होल्ड आणि सावकाश जड वजनं महिनोन् महिने केल्यावर ती पुन्हा दोन्ही पायांवर उतरते का, हे बघायला मला कॅमेरा लागतो. हे मी स्वतःलाच पटवतेय असं कधी कधी वाटतं, तेही असो.

ती मुलगी आता लिबेरो खेळते, म्हणजे मागे राहून बॉल उचलणारी. उड्या कमी. आवडतं म्हणते. मी फार खोदून विचारत नाही.

परवा एका वडिलांनी अकरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला, पोरगी स्मॅश मारून उतरतेय, खाली लिहिलेलं "मॅडम, कसा आहे गुडघा?" मी लिहिलं, सकाळी उठल्यावर आणि जिना उतरताना दुखतं का हे तिला एकटीला विचारा, कोच जवळ नसताना, आणि तुम्हीही रागावू नका. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "ठीक आहे मॅडम. टेस्ट कधी ठेवू?"

गुरुवारी पाचला बोलावलंय.