झेंडू गटातली मुले

कोल्हापूर जिल्ह्याच्या करवीर तालुक्यातील नदीकाठच्या एका गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे परिसरातील शाळांवर देखरेख करणारा अधिकारी म्हणून, भेट द्यायला मी गेलो होतो. जानेवारीचा महिना होता, ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात होता आणि बीडकडून आलेल्या टोळ्यांतील काही मुले शाळेत दाखल झालेली होती. वर्गाच्या भिंतीवर गुलाब, मोगरा आणि झेंडू अशा तीन गटांचा तक्ता होता आणि प्रत्येक फुलाखाली मुलांची नावे सुवाच्य अक्षरांत लिहिलेली होती.

मागच्या ओळीतील एका मुलापुढे मी वाचनाचे कार्ड धरले. त्याने तोंड उघडण्याआधीच शेजारचा मुलगा म्हणाला, "सर, त्यो झेंडूतला हाय. त्येला वाचाय येत न्हाई." त्या बोलण्यात खोडसाळपणा नव्हता, फळ्यावरची तारीख वाचून दाखवावी तितक्या सहजपणे त्याने ती माहिती दिली. मुलाने तरीही कार्ड घेतले. जोडाक्षरांशी तो अडखळला, एक ओळ त्याने गाळली, पण परिच्छेद संपवून त्यात काय आहे ते आपल्या बोलीत नीट सांगितले. यात अचंबा वाटावा असे काही नव्हते. मोगरा गटातील बरीच मुले तशीच वाचत होती.

मी बाईंना विचारले. "सर, गट ऑगस्टमधल्या चाचणीवरून पाडलेत. हा दिवाळीनंतर आला. टोळीची मुलं आम्ही झेंडूतच घेतो," त्या म्हणाल्या. बाई कामचुकार नव्हत्या. दोन इयत्ता एकत्र सांभाळून पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. बालकांच्या शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यातील कलम 4 प्रमाणे अशा मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि गरजेनुसार विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे. प्रवेश मिळाला होता. गरज काय आहे हे मात्र कोणी तपासले नव्हते, कारण 'टोळीचा' या एका शब्दातच ती तपासणी उरकलेली होती.

स्तरनिहाय अध्यापनाची कल्पना मला पटते. मुलाला आज जे येते तेथून शिकवायला सुरुवात करायची, त्यासाठी दिवसातील ठरावीक वेळच गट करायचे आणि थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा पाहून मुलाला पुढे सरकवायचे, असे तिचे स्वरूप आहे. यातले गट पाडणे तेवढे दिसते, त्याचा फोटो काढता येतो, अहवालात ते भरता येते. म्हणून अंमलबजावणी तेथेच थांबते. कोणाला 'ढ' म्हणावे लागू नये म्हणून फुलांची नावे दिली जातात, पण उतरंड ओळखायला मुलांना वेळ लागत नाही. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला, तेथे एकाच खोलीत वेगळी रांग तयार होते आणि ती कोणाला खटकत नाही, याचे मला अधिक वाईट वाटले. (26 जूनला, शाहू जयंतीला, या हुकमांवर भाषणे आम्हीच करतो.)

मधल्या सुट्टीपर्यंत बाई आणि मी व्हरांड्यात बसून झेंडूतील प्रत्येक मुलाचे वाचन घेतले. काही मुले खरोखरच अक्षरांपाशी होती आणि त्यांना वेगळा वेळ देणे भागच होते. काही मात्र केव्हाच पुढे गेलेली होती आणि तरीही रोज बाराखडी गिरवत होती. तक्ता उतरवायचा, यादी बाईंच्या वहीत ठेवायची, गट फक्त वाचनाच्या तासाला करायचे आणि एरवी मुलांना मिसळून बसवायचे, असे आम्ही ठरवले. बाईंची शंका रास्त होती: "उद्या दुसरे साहेब आले आणि तक्ता कुठे आहे म्हणाले तर?" म्हणून शेरेबुकात मी स्पष्ट लिहिले की तक्ता माझ्या सूचनेवरून काढला आहे आणि त्याबद्दल शिक्षिकेला जबाबदार धरू नये.

पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीत, मी हा विषय मांडला तेव्हा सर्वांना तो पटला नाही. तक्त्यामुळे पालकांना मुलाची प्रगती कळते, असे एका गुरुजींचे म्हणणे होते. त्यावर, पालकांना आपल्या मुलाचे कळावे, शेजाऱ्याच्या मुलाचे कशाला, असे एका बाईंनीच विचारले. निर्णय शाळांवर सोडला गेला. काही तक्ते अजूनही भिंतीवर आहेत.

मार्चमध्ये टोळी परत निघाली. स्थलांतर करणाऱ्या मुलाला पुढच्या शाळेसाठी शिक्षण हमी कार्ड दिले जाते; त्या मुलाच्या कार्डाला बाईंनी एक कागद जोडला: परिच्छेद वाचतो, अर्थ सांगतो, जोडाक्षरांचा सराव हवा, हातच्याची वजाबाकी सुरू केली आहे. 'वाचनात कच्चा' हा पहिल्या मसुद्यातील शेरा त्यांनी मला दाखवण्याआधीच खोडलेला होता.