बेळगावात कुस्त्यांचं मैदान बघायला जाताय?

गोव्याला जाणारे बेळगावात कुंदा (इथली खव्याची मिठाई) घेतात आणि पुढे सुटतात. त्यांनी इथं एक मुक्काम करावा आणि तोही कुस्त्यांच्या मैदानाची तारीख धरून करावा, असं मी आता भेटेल त्याला सांगतो.

आम्ही कोल्हापूरहून निपाणी, संकेश्वर करत गेलो. अंतर साधारण ११० किलोमीटर. मैदान शहापूर भागातल्या आनंदवाडीच्या आखाड्यात होतं. तारीख कळते ती चौकातल्या पोस्टरवरून. पैलवानांचे फोटो जोडीजोडीनं छापलेले असतात. सगळ्यात मोठा फोटो एक नंबरच्या जोडीचा, आणि ती लागते सगळ्यात शेवटी. बेळगावात कोणी ओळखीचं असेल तर पोस्टरचा फोटो मागवून घ्या. शहरातली तारीख जुळली नाही तर तालुक्यातल्या एखाद्या गावजत्रेतलं मैदान गाठा. पावसाळ्यात मात्र हंगाम थंड असतो.

बरेच लोक दिवेलागणीला येतात. तुम्ही दुपारीच जा. तेव्हा पोरांच्या कुस्त्या लागतात आणि त्यांच्या जोड्या तिथल्या तिथं ठरतात. वस्ताद दोन पोरांना शेजारी उभं करतात, खांदे चाचपतात, मनगट धरून बघतात आणि मग आत सोडतात. आमच्यासमोर एका बारक्यानं आपल्यापेक्षा वीतभर उंच पोराला ढाक नावाचा डाव मारून चितपट केलं. मग तो गर्दीतून फिरला आणि लोकांनी त्याच्या मुठीत दहा-वीसच्या नोटा कोंबल्या. तुम्हीही सुटे पैसे जवळ ठेवा. त्या पोराच्या खुराकाला ते लागतात, आणि ते देताना फार बरं वाटतं.

बसायचं ते खुर्च्यांत नको, मातीच्या कडेला, मावळतीकडे पाठ करून. अंधार पडल्यावर दिव्याखाली मोठ्या कुस्त्या सुरू झाल्या. पैलवान मूठभर माती उचलून समोरच्याच्या घामेजल्या मानेवर, दंडावर टाकतो, म्हणजे पकड निसटत नाही. हे लांबून दिसतच नाही. खडाखडीत, म्हणजे सुरुवातीच्या झटापटीत, हलगी संथ असते; कोणी समोरच्याचे पाय धरायला पटात शिरला की ती एकदम चढते आणि मैदान उठून उभं राहतं. पुकारा मराठीत, मध्येच कन्नडमध्ये. माझ्या शेजारचे आजोबा धारवाडकडचे होते. मराठी जेमतेम, पण घिस्सा, एकलंगी, घुटना हे सगळे डाव त्यांनी मला हातवारे करून आधीच सांगितले, आणि बहुतेक वेळा तोच डाव पडला. निकाली, म्हणजे चितपट होऊनच सुटणारी, कुस्ती बघायची असेल तर धीर धरा. शेवटची जोड सुटायला रात्र होते, म्हणून परतीच्या रिक्षाचं आधीच बोलून ठेवा आणि लॉज शहापूर किंवा टिळकवाडीच्या आसपासच बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जा. मोठी झाडं, चालायला येणारी माणसं आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. बूट घालून कडेला उभं राहिलं की पुरे. “एक गडी कमी हाय, येतासा काय?” अशी हाक आम्हाला आलीच. फुटबॉलची आवड असेल तर टिळकवाडीतलंच लेले मैदान बघून या. तालमीत मेहनत करायची असेल तर आदल्या संध्याकाळी वस्तादांना विचारा, पहाटे वेळेवर जा, चप्पल बाहेर काढा आणि मातीला हात लावूनच आत पाऊल टाका. लाल माती कपड्यांतून लवकर जात नाही. जुनी चड्डी न्या.

१ नोव्हेंबरला जाऊ नका. कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि सीमाप्रश्नावरून मराठी माणसं पाळतात तो काळा दिन एकाच दिवशी, त्यामुळे बंदोबस्त मोठा असतो. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की खोल्या मिळणं अवघड होतं. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बसगाड्या थांबवतात. निघण्याआधी स्टँडवर फोन करून विचारा, नाहीतर मिरजेवरून रेल्वेनं या.