खिडकीतून येणारा हिरो

आज भाचीला दादरहून बोरिवलीला सोडायला गेले. लोकलमध्ये चक्क खिडकी मिळाली, तर बाईसाहेबांचं डोकं पुस्तकात. बघते तर 'ट्वायलाइट'! 2005चं पुस्तक, मी हॉस्टेलवर रात्रभर जागून वाचलेलं. त्यातल्या व्हॅम्पायर हिरोवर, एडवर्डवर, जाम फिदा होते, लपवत नाही.

"मावशी, हा तिच्या नकळत रात्री खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो. क्रीपी आहे ना?"

मी गप्प. मला तेव्हा ते रोमँटिक वाटलं होतं! पुढे 'एक्लिप्स' या तिसऱ्या भागात हिरोइन बेलाने तिच्या मित्राला, जेकबला भेटायला जाऊ नये म्हणून तो तिच्या ट्रकच्या इंजिनातला पार्टच काढून ठेवतो. तेही मी 'किती काळजी करतो' या खात्यात जमा केलेलं. (आणि हो, ती सतराची, तो शंभरीपार.)

कॉलेजात एकजण दर अर्ध्या तासाला फोन करायचा. कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस. मैत्रिणींना मी कौतुकाने सांगायचे. त्यातून बाहेर पडायला दीड वर्ष गेलं. सगळं खापर पुस्तकावर नाही फोडणार. मुलगी नाही म्हणाली तरी मागे लागायचं, हे आपल्या सिनेमांना व्हॅम्पायरशिवायही छान जमतं. पाठलाग हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा झाला तो थेट 2013 साली.

हे सगळं भाचीला सांगितलं. कांदिवलीपर्यंत ऐकलं तिने. मग म्हणाली, "बरं, पुढचे भाग आहेत तुझ्याकडे?"

आहेत. माळ्यावर. रविवारी काढते म्हटलं.