रुळांत वीज का नाही?

वाशीतल्या आमच्या बैठ्या घरामागच्या बागेतले माझ्या छोट्या मॉडेल रेल्वेचे रूळ पाहून जाणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: रुळांतूनच वीज द्यायची सोडून एवढ्याशा इंजिनात बॅटरी कोंबण्याचा खटाटोप कशासाठी? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून या वेळी नीट उत्तर देतो.

रुळांतून वीज द्यायची, तर दोन रूळ ही विजेची दोन टोके होतात, आणि रुळाचा प्रत्येक सांधा आणि चाक टेकते ती प्रत्येक जागा स्वच्छ असावी लागते. घरातल्या टेबलावर हे साधते. आमच्या बागेत चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खाडीवरची दमट हवा आणि बारा महिने आंब्याचा पाला. पितळी रूळ काळवंडतात, सांध्यांत माती बसते आणि गाडी फिरवण्याआधी रूळ घासण्यातच सकाळ जाते. बॅटरी इंजिनात असली, की रुळाला फक्त वजन पेलायचे उरते. मग रूळ ॲल्युमिनियमचे चालतात, लोखंडी चाके थेट लोखंडी आसावर (दोन चाके जोडणाऱ्या दांड्यावर) ठोकता येतात, आणि मार्गाच्या टोकाला गोल वळसा घालून गाडी त्याच रुळावर माघारी आणता येते. रुळांतून वीज देणाऱ्यांच्या बाबतीत नेमक्या त्या वळशात डावा रूळ उजव्याला येऊन मिळतो आणि शॉर्टसर्किट होते. ते टाळण्यासाठी वेगळे वायरिंग करावे लागते. माझ्या मते बॅटरी वापरायला हा वळसा एवढे एकच कारण पुरेसे आहे.

नमुना म्हणून मी नेरळ-माथेरानचे डिझेल इंजिन धरले. १९०७ साली सुरू झालेल्या त्या मार्गाच्या दोन रुळांत दोन फुटांचे अंतर आहे; १:१९ या प्रमाणात ते ३२ मिलिमीटर होते, आणि तिथल्या ६० फूट त्रिज्येच्या वळणाची त्रिज्या सुमारे ९६ सेंटिमीटर येते, त्यामुळे दोन मीटरांहून थोड्या अधिक रुंदीच्या पट्टीत पुरा वळसा बसतो. (खरी गाडी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते, माझी चालते, एवढी बढाई माफ असावी.) डिझेल निवडण्याचे खरे कारण मात्र त्याचा चौकोनी सांगाडा, म्हणजे वरचे आवरण. वाफेच्या इंजिनाच्या बारीक बॉयलरमध्ये बॅटरी आणि मोटर मावत नाहीत असे नाही, पण पहिल्याच खेपेला त्या वाटेला जाऊ नये.

घडण बॅटरीपासून सुरू होते, कारण कापून लहान करता येत नाही अशी ती एकच वस्तू आहे. एए आकाराचे चार निकेल-मेटल हायड्राइड (पुन्हा चार्ज होणारे) सेल शेजारी-शेजारी ठेवले, की साधारण ५८ मिलिमीटर रुंदी आणि ४.८ व्होल्ट मिळतात. चासी, म्हणजे इंजिनाचा खालचा पाया, त्याभोवती आखायची. लिथियम सेलमध्ये वीज अधिक साठते, पण ते फार उतरले तर खराब होतात आणि संरक्षक सर्किट लावावेच लागते, म्हणून नवशिक्याला मी ते सुचवत नाही.

मोटर निवडताना गणित करावे. खऱ्या गाडीचा वेग ताशी १० किलोमीटर धरला, तर आपल्या इंजिनाने सेकंदाला साडेचौदा सेंटिमीटर जायला हवे, आणि २४ मिलिमीटर व्यासाच्या चाकाला त्यासाठी मिनिटाला सुमारे ११६ फेरे लागतात. सहा व्होल्टवर दीडशे फेरे देणारी गिअरची छोटी मोटर ४.८ व्होल्टवर एकशेवीसच्या आसपास येते, म्हणजे नेमकी हवी तेवढी. पुष्कळ जण ताकद वाढेल या समजुतीने वेगवान मोटर घेतात. मग इंजिन उंदरासारखे पळते आणि चढावर दम सोडते.

चाके मी तुर्भ्याच्या लेथवाल्याकडून माइल्ड स्टीलची करून घेतो. त्याला एकच माप पुन्हा पुन्हा बजावावे लागते: दोन चाकांच्या आतल्या पृष्ठभागांमधील अंतर २८ मिलिमीटर, नाहीतर सांधेबदलावर, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाण्याच्या जागी, गाडी रुळावरून उतरते. दोन्ही आस मोटरने फिरतील असे करावे आणि त्यांच्या मधोमध शिशाचे तुकडे ठेवावेत, कारण हलके इंजिन ओल्या रुळावर जागच्या जागी चाके फिरवत राहते. सनबोर्डचा (हलक्या प्लॅस्टिक फोमच्या पत्र्याचा) सांगाडा मात्र चासीला चिकटवू नये, दोन स्क्रूंनी बसवावा. स्विच आणि चार्जिंगचे सॉकेट चासीच्या बाजूला, सांगाड्याच्या कडेखाली ठेवावे. छपरावर ठेवले, तर पावसाचे पाणी त्याच भोकातून आत उतरते.