बांगडा पोटात, तरी उपाशी

जून म्हणजे आमच्याकडे घटसर्प-फऱ्याच्या लसीकरणाची घाई. पाऊस जोर धरायच्या आत वाड्या उरकायच्या, प्रत्येक जनावराच्या कानातला बारा अंकी बिल्ला मोबाईलवर नोंदवायचा आणि रेंज नसलेल्या वाडीत ते जमलं नाही म्हणून वरून बोलणी खायची. त्या दिवशी एक मारकी म्हैस नुकती दाव्याला बांधली होती, तेवढ्यात फोन आला. "डॉक्टरांनू, वायच येवा. किनाऱ्यार मोठो पक्षी गावलोहा. चावता मेलो!"

मी म्हटलं, "येतो. तोवर काहीतरी खायला घाला."

गाईम्हशीच्या डॉक्टरच्या तोंडून सहज गेलेलं वाक्य. तेच अजून डोक्यात बसलंय.

पोचलो तेव्हा पावसात पंधरा-वीस माणसं आणि तेवढेच मोबाईल. मध्ये पांढराशुभ्र पक्षी, चेहऱ्यावर काळा मुखवटा, भाल्यासारखी पिवळी चोच. मास्क्ड बूबी. चावतो म्हणून चोच जाळ्याच्या नायलॉन दोरीने करकचून बांधलेली. पक्षी मान मागे टाकून पोटाने श्वास ओढत होता. मला वाटलं, फुप्फुसात पाणी गेलं. नाकपुड्या साफ कराव्यात म्हणून टॉर्च मारला, तर चोचीवर नाकपुड्याच नाहीत! उंचावरून समुद्रात सूर मारणारा पक्षी. बाहेरच्या नाकपुड्या बंद, श्वास चोचीच्या कोपऱ्यांतून. दोरी कापली तसा तो भक्कन हवा प्याला आणि पुढच्याच क्षणी माझं मनगट फोडलं. चोचीची धार करवतीसारखी असते, हे तेव्हा कळलं.

मुंबईत पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या मित्राला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न, "खायला काही दिलंत का?" दिलं होतं. मासेमारी बंदीचे दिवस, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला, ताजी मासळी आणायची कुठून? कोणीतरी फ्रीजरमधला बांगडा कोमट पाण्यात बुडवून त्याच्या घशात कोंबला होता. मित्र थोडा वेळ गप्प राहिला. थंड पडलेल्या, उपाशी पक्ष्याचं पोट चालतच नाही. आधी ऊब, मग नळीने कोमट क्षार-पाणी, मासा त्यानंतर कितीतरी वेळाने.

थर्मामीटर ३६ दाखवत होता. ४० च्या आसपास हवं. तागडीत वजन भरलं ९८० ग्रॅम. असा पक्षी दीड-दोन किलोचा असतो. खोक्यात बल्ब लावला, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. पहाटे चारला गेला.

शवविच्छेदन मी मन लावून केलं, कारण तेवढंच माझ्या हातात उरलं होतं. जखम नाही, तेल नाही, पिसं शाबूत. पण छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं, दोन्ही बाजूंचं मांस ओसरलेलं. हृदयाभोवतीची चरबी वितळून पाणचट जेली झालेली. पित्ताशय तट्ट फुगलेलं. बरेच दिवस अन्न न मिळाल्याची ही खूण गुरांतही पाहतो. आणि जठरात तो बांगडा, अख्खा, डोळासुद्धा तसाच.

वाऱ्याने मारला म्हणावं, तर वारा सुटून दोनच दिवस झाले होते. छातीचं इतकं मांस दोन दिवसांत झडत नाही. पहिल्या वर्षाची पिल्लं शिकार न जमून मरतात, ते चालतंच. हा पूर्ण वाढलेला होता.

बूबी काठाजवळचे नव्हेत. ओमानच्या हलानियत बेटांसारख्या ठिकाणी त्यांची घरटी आणि खोल समुद्रात शिकार. खालून कुपा, म्हणजे ट्यूना, रेटतो, वर पळालेला पाखरू मासा, पाण्याबाहेर झेपावणारा, हे उचलतात. म्हणजे कुपा घटला तर वरचा घासही जातो. शिवाय तापलेलं पाणी दुधावरच्या सायीसारखं वर बसून राहतं, खालचं खत वर येत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलं की पश्चिम हिंदी महासागरातलं सूक्ष्म वनस्पती-प्लवक साठ वर्षांत २० टक्क्यांपर्यंत घटलं असावं. मासळीची सगळी उतरंड त्यावर उभी. माझ्या टेबलावरचा एक पक्षी याचा पुरावा नाही, हे मलाही कळतं.

बांगडा देणारे तांडेलकाका दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले. पूर्वी पाखरं कुठे बुडी मारतात ते बघून जाळं टाकायचो, म्हणाले. आता रात्री क्षितिजावर दिवेच दिवे. एलईडी दिव्यांनी मासळी ओढून पकडायला २०१७ पासून बंदी आहे, हे त्यांनी हसत सांगितलं. मग हळूच, "माझ्या बांगड्यान मेलो काय ओ?" मी नाही म्हटलं. ऊब आधी मिळाली असती तर वाचला असता का, हे त्यांनी विचारलं नाही.

बर्ड फ्लूचा नमुना पाठवला का, म्हणून वरून तीन फोन आले. पक्षी उपाशी का होता, हे एकानेही विचारलं नाही. अहवालात मृत्यूचं कारण मी 'दीर्घ उपासमार' लिहिलं.

काल वनरक्षकाचा फोन होता. पोरगा चांगला आहे, भर पावसात चार किलोमीटर चालत आला होता. "सर, पंचनाम्यात 'वादळी वारा' लिहिलंय, तुमचं जुळत नाही. तेवढं बदलून देता का?"

कागद अजून टेबलावरच आहे.