लॉत नदीकाठचं एस्पालिओं

दक्षिण फ्रान्समधलं ओब्राकचं पठार उतरून लॉत नदीच्या खोऱ्यात, एस्पालिओं गावाकडे आलं की पायांना एकदम हलकं वाटतं. वर दिवसभर वारा, गवत आणि काजळ घातल्यासारख्या डोळ्यांच्या पिवळसर गाई. खाली झाडी आणि वस्ती. फ्रान्समधल्या ल प्वी गावाहून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थस्थानाकडे पायी निघालेले आम्ही सगळे यात्रेची खूण म्हणून सॅकला शिंपला बांधून, वाट दाखवणारे झाडांवरचे लाल-पांढरे पट्टे शोधत चालत होतो.

गावात शिरण्याआधी पेर्सचं जुनं चर्च लागतं. लालसर वाळूखडकाचं, बुटकं, शांत. दारावरच्या कोरीव कामापुढे मी बराच वेळ उभी राहिले. पुढे त्याच रंगाच्या दगडाचा जुना पूल येतो. यात्रेच्या वाटेवरचा वारसा म्हणून 1998 साली युनेस्कोच्या यादीत त्याची नोंद झाली. बहुतेक यात्रेकरू त्याचा फोटो काढतात आणि पुढच्या मुक्कामाला निघतात.

मला मात्र खरं गाव दिसलं ते पुलाखाली. काठावरच्या जुन्या घरांत कातडी कमावण्याचा धंदा चाले. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, ओकच्या सालीत मुरवायचं आणि मध्येमध्ये नदीत धुवायचं. त्यासाठी घरांच्या पायथ्याच्या भिंतींतून सपाट दगड नदीवर काढलेले आहेत, एकाखाली एक, वेगवेगळ्या उंचीवर. नदी चढो की आटो, धुणाऱ्याला पाण्यालगत बसायला एक तरी दगड मिळायचाच. नदीचा स्वभाव ओळखून केलेली ही बांधणी मला कुठल्याही किल्ल्याइतकी मोलाची वाटते. त्या थंड पाण्यात हात घालून आयुष्यं काढलेल्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत, याची हळहळ वाटली.

पाण्याशी नातं सांगणारी दोन नावं मात्र गावाने जपली आहेत. खाणीचे इंजिनिअर बनुआ रुकेरोल आणि नौदल अधिकारी ओग्युस्त देनेरूझ, दोघं याच भागातले. माणसाच्या श्वासाबरहुकूम हवा सोडणारं यंत्र रुकेरोलने खाणीतल्या विषारी वायूपासून बचावासाठी बनवलं होतं. 1860 च्या दशकात दोघांनी ते पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांसाठी, म्हणजे पाणबुड्यांसाठी, वापरात आणलं. समुद्रापासून इतक्या लांब पाणबुड्यांच्या पोशाखांचं संग्रहालय आहे ते यामुळेच.

रात्री धर्मशाळेत बटाटा आणि ताज्या चीजचं, तार सुटणारं आलिगो वाढलं. शेजारच्या फ्रेंच आजींनी आग्रह करकरून दुसऱ्यांदा घ्यायला लावलं.

वाटेवरचं पुढचं गाव एस्तँ इथून जेमतेम अर्ध्या दिवसाच्या चालीवर आहे, म्हणून लोक एस्पालिओंचा मुक्काम गाळतात. तुम्ही गाळू नका. दुपारी पोचा आणि पुलावरून खाली उतरून ते दगड जवळून बघा.